दुसरी महानंदा

दिवाळी अंकासाठी लेख मागायला संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी आधीच बजावलं, "ताई, लोक चकली खात वाचतात हो. जरा सांभाळून." मी म्हटलं, सांभाळून बोलण्यातच माझी सारी नोकरी सरली, लिहीनही तसंच. पण माझ्या कामाचा विषयच मरण आहे, त्याला माझा नाइलाज आहे. ज्यांना चकली गोड लागणार नाही त्यांनी आधी फराळ उरकून घ्यावा.

मी शोकसमुपदेशक. हा शब्द आमच्या शेजारच्या काकूंच्या तोंडात कधी बसला नाही. त्या माझी ओळख करून द्यायच्या, "ह्या मयतीच्या घरी बोलायला जातात." ऐकणारी बाई आधी जरा मागे सरकायची आणि मग हळूच विचारायची, "बोलायला म्हणजे, काय बोलता?" याचं खरं उत्तर असं की फारसं काही बोलत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला बोलतं करायचं आणि तो बोलायला लागला की मध्ये तोंड घालायचं नाही. सोपं वाटतं, पण करून बघा. समोरचा हमसून रडत असताना "रडू नका" एवढंही न म्हणता बसून राहायला मला काही वर्षं लागली. त्यातून माझा स्वभाव तापट. घरात आमच्या ह्यांचं वाक्य मी कधी पुरं होऊ दिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

त्र्याण्णव साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी समाजकार्याची पदवी घेऊन घरी बसले होते. मूळची नांदेडची, लग्न होऊन लातूरला आलेली, नोकरीच्या शोधात. किल्लारीकडच्या गावांत काम करायला एका संस्थेला बायका हव्या होत्या. अट एकच, तिकडची बोली समजली पाहिजे. मी गेले. गावात सोडण्याआधी लातुरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमची शिकवणी झाली. हॉलच्या भिंतीला तडा गेलेला, त्यामुळे सगळ्याजणी मधोमध दाटीवाटीने बसायच्या, भिंतीला टेकायची कोणाची छाती नव्हती. शिकवायला बाहेरगावाहून एक बाई आल्या होत्या. कॅन्सरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांतल्या माणसांसोबत त्यांनी बरीच वर्षं काढली होती. आम्ही वही-पेन काढलं. त्या म्हणाल्या, "आज लिहायचं नाही. प्रत्येकीने आपलं काय काय गेलं ते सांगायचं."

एकीने वडील सांगितले, एकीने पोटातच गेलेलं मूल सांगितलं. मी माझी आजी सांगितली. एक मुलगी म्हणाली, "आमची म्हैस गेली व्हती." आम्ही सगळ्या हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हशीचं नाव काय होतं?" मुलीने नाव सांगितलं आणि जी रडायला लागली ती थांबेना. पदवीला जे कोणी शिकवलं नव्हतं ते मला तिथे कळलं. कोणाचं दुःख केवढं हे ठरवायला आपल्याला कोणी बसवलेलं नाही.

पुढे नोकरी लातुरात पक्की झाल्यावर मी शनिवार-रविवार नांदेडला हाच विषय शिकवायला जाऊ लागले. अभ्यासक्रमाचे तीन भाग. मृत्यू, म्हणजे ती घटना आणि तिच्याभोवतीच्या चालीरीती. मरणं, म्हणजे तिथपर्यंत पोचेस्तोवरचे दिवस. आणि शोक, म्हणजे मागे राहिलेल्यांचं जे होतं ते. पहिल्याच तासाला कोणीतरी विचारायचंच, "मॅडम, हा पेपर स्कोरिंग आहे का?" मी त्यांना गोदावरीच्या घाटावर घेऊन जायचे, दवाखान्यात बसवायचे, आणि "देवाला आवडला", "सुटला बिचारा" ही वाक्यं जो बोलेल त्याने सगळ्या वर्गाला चहा पाजायचा असा दंड ठेवला होता. पहिल्या महिन्यात आम्ही फार चहा प्यायचो.

मरणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, हे मला मुखेडच्या एका निवृत्त गुरुजींनी शिकवलं. त्यांचे थोडेच दिवस उरले होते. येणारा प्रत्येकजण खाली मान घालून, आवाज उतरवून बसायचा. गुरुजी वैतागले. मला म्हणाले, "मॅडम, ह्यांना सांगा, मी अजून हाय. बाजारात हरभऱ्याला काय भाव चाललाय ते बोला की माझ्याम्होरं." मी घरच्यांना सांगितलं. त्यानंतर गुरुजी गेले त्या आठवड्यापर्यंत त्या खोलीत हरभरा, तूर आणि एसटीच्या वेळा यांवर भांडणं चालली होती.

शोक जागेवर यायला लागला हे ओळखायचं कसं, असंही विद्यार्थी विचारतात. माझा ठोकताळा साधा आहे. सुरुवातीला गेलेल्या माणसाचं सगळं चांगलंच सांगतात. असा माणूस होणे नाही, कधी कोणाला उलटून बोलला नाही, वगैरे. मग एक दिवस बायको म्हणते, "घोरायचे मात्र लई हो." ती असं म्हणाली की मी मनातल्या मनात हुश्श करते. गेलेला माणूस तसबिरीतून उतरून पुन्हा माणूस झाला, आता त्याच्यासाठी नीट रडता येईल.

आता केवळबाईंची गोष्ट सांगते. नावं बदलली आहेत आणि लिहायला मायलेकींची परवानगी घेतली आहे. परवानगी देताना केवळबाई म्हणाल्या, "लिव्हा, पर मला लई गरीब गाय दाखवू नका." तशा त्या नाहीतच.

किल्लारीजवळच्या एका गावातल्या शेतकरी कुटुंबातल्या ह्या बाई. भूकंपात त्यांची एकुलती एक लेक गेली. नाव महानंदा, शाळेत जाणारी पोर. घराचं लाकूड पडून केवळबाईंचा पाय मोडला होता, त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात हलवलं. इकडे गावात चिता रचून सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला गेला. पाऊस पडत होता, वाट बघायला कोणाला सवड नव्हती. महानंदाची माती झाली तेव्हा आई तिथे नव्हती. लेकीचं तोंडही तिने पाहिलं नाही.

मी त्यांना भेटले ते बेघरांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. काठी टेकत टेकत साऱ्या रांगेची उठबस त्याच करायच्या. कोणाला ताप आला, कोणाच्या शेडमध्ये पाणी शिरलं, केवळबाई हजर. रडताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. आमच्या संस्थेत त्यांचं कौतुक चालायचं. शिकवणाऱ्या बाई एकदा पाहणीला आल्या तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्या बाईंवर लक्ष ठेव." मी लक्ष ठेवलं, पण त्या काही हाती लागत नव्हत्या. मुलीचा विषय काढला की म्हणायच्या, "तुमी च्या घेता का?"

मग गावात बातमी पसरली की केवळबाईंना दिवस गेले आहेत. महानंदानंतर इतक्या वर्षांत त्यांना दुसरं मूल झालं नव्हतं. सारं गाव म्हणायला लागलं, "महानंदा पोटाला आली." आपल्याकडे आजी-आजोबा गेल्यावर घरात मूल जन्मलं की असं म्हणतातच, त्यात नवल नाही. मुलगी झाली. बारशाला मी होते. पाळणा झाला, आत्या नाव ठेवायला पुढे वाकली, तेवढ्यात केवळबाई म्हणाल्या, "नाव कामून ठेवताव? तिला नाव हाय की."

मग एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुलीचं नाव महानंदा राहिलं.

माझ्या शिकवणीत स्पष्ट सांगितलं होतं, गेलेल्या लेकराचं नाव पाठच्याला देऊ नये, आधीच्याचा शोक तसाच राहतो आणि नव्याला स्वतःचा जन्म मिळत नाही. मी काही दिवसांनी जाऊन केवळबाईंना ते माझ्या परीने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमच्याकडं आजीचं नाव नातीला ठेवत न्हाईत का?"

"ठेवतात."

"मग?"

माझंच नाव आजीचं आहे.

"पुन्ना मनू नका," त्या म्हणाल्या. "लेकरू निजलंय." त्यानंतर त्या घरातून मला कधी बोलावणं आलं नाही.

वर्षं गेली. गावं नव्या जागी वसली. आणि इकडे लातूर पालटलं. शिकवण्यांच्या पाट्या, गुणवंतांच्या फोटोंचे फलक, गल्लोगल्ली होस्टेल, मेस, झेरॉक्स. साऱ्या मराठवाड्यातली हुशार पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहिली. माझं कामही त्यांच्यामागे गेलं. कोणाच्या घरी वडील गेले, कोणाच्या खोलीतला मित्र अपघातात गेला, आणि समोर परीक्षा. क्लासवाले मला बोलवायला लागले. एका सरांनी तर त्यांच्या जाहिरातीत छापलं, "शुद्ध पाणी, सीसीटीव्ही, समुपदेशन." मी विचारलं, "माझा नंबर पाण्याच्या खाली का?" ते म्हणाले, "मॅडम, पालक पाण्याचं आधी विचारतात."

ह्याच सरांनी एकदा मला भेटायला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण निकालाच्या पलीकडे त्याला काही दिसायचं नाही. "मॅडम, बारावीच्या बॅचला एक मुलगी आहे. चांगली हुशार. पण टेस्टला कोरा पेपर देते. एकदा नाही, सारखी. मी आईला बोलावून घेतलं. तर ती माऊली पेपर बघेना, मलाच विचारते, सर, तुम्ही पोरीला रागावला तर नाहीत ना? अशी आई मी जन्मात पाहिली नाही."

"नाव काय मुलीचं?"

"महानंदा."

त्या बॅचमध्ये सगळ्या स्नेहल, प्रतीक्षा, ऐश्वर्या. त्यांत एकच महानंदा. मी गावाचं नाव विचारलं. तेच गाव.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. उंच, सावळी, डोळे आईचे. बारशात पाळण्यात पाहिलं होतं तेवढंच. मी तिला तसं सांगितलं नाही.

"मी मुद्दाम देते कोरा पेपर," तिनेच सुरुवात केली. "मला काय येत नाही असं नाही."

"मग?"

"आई काय करती ते बघायचं होतं."

"काय केलं आईने?"

"पुरणपोळ्या पाठवल्या."

मला हसू आलं, तिलाही आलं. पण तिचं लगेच मावळलं. "मॅडम, माझी आई मला कधीच रागवत नाही. लहानपणी मी आरसा फोडला, तर म्हणली, राहू दे, लागलं नाही ना. शाळेला दांडी मारली, तर म्हणली, बरं केलंस. आमच्या काकूनं चुलतभावाला धोपटलं ना, तर मला त्याचा हेवा वाटायचा. खरं सांगायलेय."

"असं का करत असेल ती?"

"कारण मी मेलेली हाय." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. "गावात स्मारक हाय ना, भूकंपाचं. तिथं माझं नाव हाय. वडलांच्या नावासकट, आडनावासकट. मला आधी वाटायचं सगळ्यांचंच असतं. घरात म्हणतात, तू लहानपणी असं म्हणायचीस, तसं खेळायचीस. ते मी नाही केलेलं, मॅडम. ते तिनं केलेलं. तिला डॉक्टर व्हायचं होतं म्हणं. लई हुशार होती म्हणं. तिला आक्का म्हणायची सुद्धा सोय नाही मला. आता मेलेल्या माणसाला कोण रागवंल?"

"तुला काय हवंय?"

"आईनं एकदा मला रागवावं. मनापासून. ती जोवर रागवत नाही तोवर मी कोरेच पेपर देणार. बोर्डाचा सुद्धा."

मला ह्या पोरीची भीती वाटली. ती धमकी देत नव्हती, तिने ठरवलं होतं, आणि बोर्डाची परीक्षा काही फार लांब नव्हती. सरांना मी मोघम सांगितलं तर ते म्हणाले, "एवढंच ना? मी आत्ता फोन लावतो आईला. जरा ओरडा म्हणतो पोरीला." मी अक्षरशः हात जोडले. सांगून ओरडलेलं कोणाला लागू पडतं?

त्या शनिवारी नांदेडला जाताना एसटीत माझं डोकं त्याच विषयात होतं. केवळबाईंच्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सुचलं. माझं नाव आजीचं, गोदावरी. पण घरात मला गोदावरी कोणी म्हणालं नाही. मी बेबी. कारण माझ्या आईने सासूचं नाव घेऊन मला कशी शिवी द्यायची? "गोदे, कुठं मेलीस" म्हटलं तर घरात महाभारत. म्हणून आपल्याकडे मोठ्या माणसाचं नाव ठेवलं की लेकराला हाकेचं नाव वेगळं असतं. नाव मान द्यायला आणि हाक ओरडायला. केवळबाईंनी रीत अर्धीच पाळली होती. नाव दिलं, हाक दिली नाही. आता माझी खात्री झाली की त्यांना ओरडायचं नव्हतंच. पण का नव्हतं, ते मला माहीत नव्हतं.

मी महानंदाला विचारलं, "गावी जाऊ या का? मी आईशी बोलीन, तू समोर बसायचंस. मी काही कबूल करत नाही." ती तयार झाली. केवळबाईंना तिनेच फोन करून सांगितलं की मी येणार आहे, आणि कशासाठी तेही.

जीपमधून उतरलो. नव्या गावात सगळी घरं ओळीत, पण केवळबाईंनी अंगण शेणाने सारवून आपलं केलं होतं. त्या दारातच उभ्या होत्या. केस पिकलेले, पाय अजून जरा ओढत. मला बघून म्हणाल्या, "आलाव का पुन्ना नावाचं बोलायला?"

"नाही," मी म्हटलं. "मला तुमची थोरली महानंदा माहीतच नाही. ती कशी होती ते ऐकायला आले."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या चहा न घेताच. खाली बसून म्हणाल्या, "लई गुणाची व्हती. लई हुशार." पोरगी भिंतीला टेकून बसली होती. अशा वेळी माझ्यासारख्या बाईच्या जिभेला खाज सुटते. मी ती दाताखाली धरली.

"तिच्या मातीला घरचं कोण होतं?" मी शेवटी विचारलं.

"तिचे वडील व्हते. मी न्हवते." मग बोलायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. "त्या दिशी गणपती बुडवायचे व्हते. ही मिरवणुकीत नाचायला गेलती. मी बजावून सांगितलं व्हतं, वासरू बांध आन् मग जा. न्हाई बांधलं. वासरानं समदं दूध पिऊन टाकलं. घरात थेंब न्हाई. मी हिला मिरवणुकीतून हाताला धरून आणलं, समद्या पोरींच्या म्होरं. पाठीत धपाटे घातले. मनलं, पुन्ना तोंड दाखवू नको. तर ही फुगून बसली. चुलतीच्या घरी निजाया गेली, दगडाच्या माडीत. हिचे वडील मनले, आणतो जाऊन. मी मनलं, राहू द्या, सकाळी यील गुमान." त्यांनी पायावरून हात फिरवला. "सकाळी मला सोलापूरला नेलं."

मला रडू येत होतं ते मी येऊ दिलं. आमच्या शिकवणीत सांगतात, समुपदेशकाने रडावं की नाही यावर मतभेद आहेत. असू देत.

"मी बोलले मनून ती गेली," केवळबाई म्हणाल्या. "मनून हिला मी कधी..." आणि लेकीकडे बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांनी त्या बाईने रडायला सुरुवात केली. आवाज करून, छातीवर हात मारून, थोरल्या लेकीचं नाव घेऊन. मातीच्या दिवशी रडायचं होतं तसं.

धाकटी उठून आईजवळ गेली नाही. मला वाटलं जाईल. ती जागेवरच बसून आईकडे टक लावून बघत होती, कोणीतरी नवीन माणूस घरात आल्यासारखी. रडं जरा ओसरल्यावर तिने विचारलं, "आई, आक्का अभ्यास करायची का गं?"

आक्का हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला जात होता. केवळबाईंनी नाक पुसलं. "कुठला अभ्यास! शाळंत जायचं मनलं की पोट दुखायचं तिचं. चौथीत दोनदा बसली. खोटं बोलायला एक नंबर. गूळ चोरायची आन् मांजराचं नाव सांगायची."

"मग डॉक्टर?"

"तिला सुई बघितली की चक्कर यायची. ते डॉक्टरचं गावानंच लावलं, बया."

महानंदा हसायला लागली. इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि मग हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती आईच्या मांडीवर पडून रडली. केवळबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. चहा तसाच चुलीवर आटला. मी उठून तो उतरवला.

परतताना जीपमध्ये मी खुश होते, पण त्यात दुसरंही काही मिसळलेलं होतं. त्या भागात अशा आणखी किती दुसऱ्या महानंदा असतील, त्यांतली एकच कोरा पेपर देऊन मला सापडली होती. बाकीच्या मुकाट्याने पेपर सोडवून पुढे गेल्या असतील. त्यांच्याकडे कोणी गेलं नाही, मीही नाही. त्या पोरी लहान होत्या तेव्हा आमच्या संस्थेचं काम पैशाअभावी बंद पडलं होतं आणि मी लातुरात नोकरीला लागले होते, हे खरं आहे, पण खंत राहायची ती राहिलीच.

महानंदाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. ती डॉक्टर झाली नाही. सरांच्या गुणवंतांच्या फलकावर तिचा फोटो लागला नाही, ह्याचं सरांना आजही वाईट वाटतं. तिने बोर्डाचे पेपर लिहिले, बरे गुण मिळवले, बीएस्सीला नांदेडला गेली आणि आता तिथेच एका बँकेत आहे. आक्काच्या खोड्या सांगून ऑफिसात लोकांना हसवते.

पण त्या वर्षी ती बोर्डाचे पेपर लिहील की नाही, हे मला त्या भेटीनंतरही ठाऊक नव्हतं. आई रडली, पण पोरीने मागितलं होतं ते वेगळंच होतं. मायलेकी फोनवर जपून बोलायच्या. महानंदा मला म्हणाली, "मॅडम, आता आई मला आक्काचं सांगती. पण मला अजून काय म्हणत नाही." मी तिला धीर धर म्हटलं. मलाच धीर नव्हता.

परीक्षेच्या थोडं आधी, एका दुपारी, मी घरी मुगाच्या डाळीला फोडणी देत होते. आमचे हे जेवणाची वाट बघत पेपर चाळत बसले होते. सरांचा फोन आला. आवाज चढलेला.

"मॅडम, तुम्ही काय शिकवून आलात त्या बाईला? होस्टेलला आलीय. पोरीच्या कॉटखाली न धुतलेल्या कपड्यांचा ढीग सापडला म्हणून सगळा मजला डोक्यावर घेतलाय. सगळ्या पोरी दारात उभ्या राहून बघायल्यात. परीक्षा तोंडावर आली, मॅडम! पोरगी डिस्टर्ब होईल. तुम्ही जरा समजावून सांगा, मी फोन नेतो तिच्याजवळ."

"अजिबात नेऊ नका," मी म्हटलं. "तिथेच उभे राहा आणि फोन तेवढा चालू ठेवा."

मागून केवळबाईंचा आवाज स्पष्ट येत होता, तो शेडच्या रांगेत घुमायचा तसा खणखणीत. "ए धाकटे! खाली मान घालून काय हसायलीस? मी काय भिंतीशी बोलायले का? इतकी घोडी झालीस, लाज वाटती का न्हाई? धाकटे, तुलाच मनायले मी, उचल ते धुणं!"

आणि मग पोरीचा आवाज, "उचलते की गं आई, उचलते."

माझी फोडणी करपली. मी फोन कानाला लावून ओट्याला टेकले आणि रडायला लागले. माझ्या कामामुळे घरी येणारे फोन कसले असतात ते ह्यांना माहीत आहे. ते पेपर खाली ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आले, हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही हो," मी म्हटलं. "एका पोरीला तिची आई रागावतेय."